हुबळीहून आलेलं स्कॉटलंड

क्लूटी डंपलिंगला भट्टी लागत नाही. मोठं पातेलं, उकळतं पाणी, जुन्या चादरीचा धुऊन धुऊन मऊ झालेला चौकोनी तुकडा आणि तीन तास चुलीपासून न हलणारी एक बाई, एवढं असलं की झालं. स्कॉटलंडच्या इतक्या पदार्थांमधून नेमका हाच पदार्थ बेंगळुरूच्या कॉक्स टाऊनमधल्या एका घरात चार पिढ्या कसा टिकला, याचं पहिलं उत्तर मला इथेच मिळालं. या घरातल्या आधीच्या पिढ्या राहिल्या त्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये भट्टी नसायची, चूल असायची. ज्याला चूल पुरते ते बायकांच्या हाती राहिलं आणि बाकीचं पुरुषांच्या आठवणींत.

हे घर आंटींचं. आंटी ऐंशीच्या घरात आल्या आहेत, अँग्लो-इंडियन आहेत, आणि दर शनिवारी चारपाच जणींना आपल्या स्वयंपाकघरात उभं करून शिकवतात. दारावर पाटी नाही. एकीने दुसरीला सांगायचं आणि दुसरीने पुढच्या शनिवारी यायचं, अशी पद्धत. बेंगळुरूत अँग्लो-इंडियन स्वयंपाकाचं नाव काढलं की आज पहिल्यांदा आठवतात त्या कोलार गोल्ड फील्ड्सच्या ब्रिजेट व्हाइट-कुमार. त्यांनी या स्वयंपाकावर एकामागून एक पुस्तकं लिहिली, कार्यशाळा घेतल्या आणि आजीआत्यांच्या तोंडी असलेलं वाटी-चमच्यात मोजून कागदावर आणलं. बॉल करी, पिवळा नारळीभात, पेपर वॉटर, कंट्री कॅप्टन हे पदार्थ त्यामुळे नव्या पिढीला पुन्हा सापडले. आंटींच्या घरातला प्रवाह थोडा निराळा आहे. त्यांच्याकडे हे सगळं होतंच, शिवाय आईकडून आलेले तीनचार पदार्थ आहेत ज्यांना घरात सगळे सरळ ‘स्कॉच’ म्हणतात. मला ओढ लागली ती त्यांची, कारण त्या पदार्थांच्या गोष्टी मी आंटींच्या आधी माझ्या आजीकडून ऐकल्या होत्या.

आजी सोलापूरची. सोलापूरच्याच वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. दिवाण मिर्झा इस्माईल यांचा त्यामागे मोठा पाठिंबा होता, जमीन संस्थानाने दिली. महायुद्ध पेटलेलं होतं. १९४२ मध्ये कंपनीचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला आणि पुढे तिथे अमेरिकी लष्कराच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. फिटर, टर्नर, पत्र्याचं काम करणारे असे हजारो हात लागणार होते. आजोबा गिरणीच्या वर्कशॉपमधले फिटर. वालचंदशेठचा कारखाना म्हणजे आपलाच, या भरवशावर ते ट्रंक उचलून बेंगळुरूला आले आणि कॉक्स टाऊनात एका अँग्लो-इंडियन कुटुंबाच्या आवारातल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. मागून आजी आली.

घरमालकीण एका शाळेत शिकवायच्या. आजी त्यांना ‘टीचरबाई’ म्हणायची, त्या आजीला ‘अक्का’ म्हणायच्या. आता सोलापूरची आजी आणि गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घालणाऱ्या टीचरबाई बोलायच्या कशा? तर कन्नडमध्ये. सोलापूरच्या बाईला कन्नड कानावरून आलेलं असतं. टीचरबाईंचं बालपण हुबळीच्या रेल्वे वसाहतीत गेलेलं. दोघींचं कन्नड उत्तरेकडचं, आणि बेंगळुरूच्या भाजीवालीला दोघींचंही ऐकून नवल वाटायचं. आजी सांगायची, त्या परक्या गावात आपल्यासारखं बोलणारी पहिली बाई भेटली ती मडमीण निघाली.

या टीचरबाई म्हणजे आंटींच्या आई.

आंटी शिकवायला सुरुवात करतात ती ब्रॉथपासून, कारण त्यात लपवायला काही नसतं. बार्ली आणि सुके वाटाणे रात्रीच भिजत घालायचे. मटण मानेचं, हाडासकट. ते गार पाण्यात घालून मंद आचेवर ठेवायचं आणि वर येणारा मळकट फेस पळीने काढत राहायचा. ज्या बाईला फेस काढायचा कंटाळा, तिने हा पदार्थ करू नये असं आंटींचं स्पष्ट मत आहे. मग भिजलेली बार्ली, वाटाणे. तासाभराने गाजर आणि नवलकोल यांचे बारीक चौकोनी तुकडे. स्कॉटलंडात इथे सलगम किंवा त्याचा पिवळ्या गराचा भाऊबंद पडतो. लीकच्या जागी आंटी कांद्याची पात घेतात आणि पार्स्लीच्या जागी कोथिंबीर. कोबी अगदी शेवटी. मीठ, जाडसर कुटलेली मिरी, बस्स. हळद घालायचा मोह होतो, पण आंटी हळदीचा डबा ब्रॉथच्या दिवशी ओट्यावर ठेवतच नाहीत.

बाजारात नवलकोल मिळाला नाही तर टीचरबाई सीमे बदनेकाई घालायच्या, ज्याला आपण चायोटे किंवा चाऊचाऊ म्हणून ओळखतो. ही भाजी बेंगळुरूत रुजवण्याचं श्रेय लालबागेचे जॉन कॅमेरॉन यांना दिलं जातं. क्यूच्या बागेत तयार झालेला हा माणूस १८७४ ते १९०८ इतका काळ लालबागेचा प्रमुख होता आणि फुलांच्या प्रदर्शनाइतकाच त्याचा जीव परदेशी भाज्याफळांत होता. कॅन्टोन्मेंटच्या गोऱ्यांच्या ताटासाठी आलेल्या त्या भाज्या पुढे उडुपी हॉटेलच्या सांबारात जाऊन बसल्या. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेल्या बागेने शहराच्या जिभेवर केवढं काम केलं आहे, याची दखल फुलं बघायला जाणारी गर्दी फारशी घेत नाही.

टीचरबाईंनी हा ब्रॉथ पहिल्यांदा आजीला दिला तो तिच्या बाळंतपणात. माझ्या मोठ्या आत्याचा जन्म त्याच दोन खोल्यांतला. आजीने वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, “ही तर आपली आळणीच की!” आळणी म्हणजे तिखट घालायच्या आधी काढून ठेवलेला मटणाचा रस्सा. सोलापूर-कोल्हापूरकडे लेकरांना, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला तो आधी वाढतात. आजीने तेव्हापासून ब्रॉथला दुसरं नाव कधी दिलं नाही, आणि टीचरबाईंनीही ते हौसेने उचललं. आजही आंटी शिकवताना इंग्रजी वाक्यात मधेच ‘आळणी’ म्हणतात आणि नव्या मुली वहीत तो शब्द स्कॉटिश समजून लिहून घेतात. मी दुरुस्त करत नाही. चार माणसांनी जेवायचं आणि कुणाचं काय हे विसरायचं, यात वाईट काही नाही.

स्कॉटिश माणूस बेंगळुरूत आला तो मात्र जेवायला नव्हे. २१ मार्च १७९१ च्या रात्री लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने टिपू सुलतानचा बेंगळुरूचा किल्ला चढून घेतला. त्या मोहिमेत ७१, ७२ आणि ७४ या हायलँडर पलटणी होत्या. शहाजीराजांच्या जहागिरीचं, शिवरायांनी लहानपणी पाहिलेलं हे गाव, आणि त्याच्या तटाखाली स्कॉटलंडच्या डोंगरातली पोरं. पुढे मे महिन्यात हीच फौज श्रीरंगपट्टणपाशी पोहोचली तेव्हा पाऊस लागला होता, बैल मरत होते, दाणा संपला होता. कॉर्नवॉलिसला आपल्या मोठ्या तोफा फोडून माघार घ्यावी लागली. मेलुकोटेच्या वाटेवर समोरून घोडदळ दिसलं आणि फौजेला वाटलं, टिपूच आला. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. मराठ्यांच्या छावणीबरोबर चालता बाजार होता. त्यात धान्य होतं, कडबा होता, काश्मिरी शाली होत्या, इंग्रजी बनात होती, आणि दर चढे होते. पण उपाशी सैन्याचा जीव त्या बाजाराने वाचवला हे इंग्रज इतिहासकारांनीच लिहून ठेवलं आहे.

मी ही हकिकत आंटींना सांगितली तेव्हा त्यांनी पळी खाली ठेवली. त्यांच्या आईने आजीला बाळंतपणात वाटी दिली त्याच्या दीडशे वर्षं आधी आजीच्या मुलखातल्या बाजाराने स्कॉटिश सैनिकाला शिधा विकला होता. आंटी म्हणाल्या, “विकला ना? माझ्या मम्मीने पैसे घेतले नव्हते.” आणि पुन्हा फेस काढायला लागल्या. बरोबर आहे. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला रसद म्हणतात आणि शेजारीण जी वाटी आणून देते, त्या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत सविस्तर लिहिला तोही एका स्कॉटिश माणसाने. बॅन्फ गावचा जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट होता, १८२६ मध्ये त्याचा तीन खंडांचा इतिहास आला आणि आपल्या इतिहासकारांच्या पिढ्या त्याच्याशी भांडत मोठ्या झाल्या. लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावचा कॉलिन मॅकेंझी म्हैसूरच्या मोजणीसाठी हिंडला आणि कावली बंधूंसारख्या तेलुगू पंडितांच्या मदतीने त्याने दक्षिणेतल्या गावोगावच्या कैफियती, शिलालेख, हस्तलिखितं जमवली. त्यांत मराठी कागदही आहेत. या माणसांनी आपले कागद जपले, हे खरंच. पण त्या कागदांमध्ये बायका शोधायला गेलं की हात रिकामा राहतो. म्हणून मला आंटींचं स्वयंपाकघर महत्त्वाचं वाटतं.

आता आंटींचे पणजोबा. घरातली गोष्ट अशी की ते डंडीचे. सैन्यात होते असं एक मामा सांगायचे, पण टीचरबाईंच्या मते ते आले रेल्वेसाठी, आणि मला टीचरबाईंचं पटतं, कारण तारखा त्यांच्या बाजूने आहेत. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन आणि म्हैसूरवर जो दुष्काळ कोसळला त्यात एकट्या म्हैसूर संस्थानातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. धान्य एका जिल्ह्यात होतं, माणसं दुसऱ्या जिल्ह्यात मरत होती, आणि मधे बैलगाडी. बैल आधीच मेलेले. त्या धड्यातून दुष्काळी टापूत रेल्वे न्यायचं ठरलं आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. कारभार धारवाडहून, मोठं वर्कशॉप हुबळीला. म्हैसूर संस्थानची लाइनही पुढे तिच्याकडेच चालवायला आली. १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, तेव्हाही ‘मराठा’ हा शब्द नावात राहिला. हुबळीच्या वर्कशॉपला विलायतेहून फोरमन लागत. डंडीचा तरुण तिथे फोरमन होता.

आणि पणजी? पणजी दुष्काळातली. एवढंच वाक्य घरात चालत आलं आहे. धारवाड-हुबळीकडे बासेल मिशनचं काम १८३०च्या दशकापासून होतं. दुष्काळात मागे राहिलेली मुलं मिशनऱ्यांनी सांभाळली, तशा मुलांतली ती एक. आईबाप कोण, गाव कुठलं, घरात बोली कुठली, काही माहीत नाही. मिशनने दिलेलं बाप्तिस्म्याचं नाव कुटुंबाच्या बायबलच्या पहिल्या पानावर आहे. त्याच्या आधी तिला आईने काय हाक मारली होती ते कुणी लिहिलेलं नाही. दुष्काळाने तिला पोरकं केलं, त्याच दुष्काळासाठी रेल्वे आली, त्या रेल्वेबरोबर नवरा आला. लोकांच्या आयुष्याचे सांधे असेही जुळतात, आणि त्याला नशीब म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आजीने या पणजीचा माग काढायचा प्रयत्न केला होता, तिच्या पद्धतीने. टीचरबाईंच्या डंपलिंगमध्ये सुकं खोबरं असायचं, किसून, तव्यावर बदामी भाजून. स्कॉटलंडात त्या जागी गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी किसून घालतात. आजीचं म्हणणं, चरबी मिळाली नाही म्हणून कुणी तूप घालेल, कुणी ओला नारळ घालेल. पण सुकं खोबरं भाजायचं कुणाला सुचेल? “भाजलेलं खोबरं घालतीया म्हंजे ती बाई आपल्याच मुलखातली.” आजी हे इतक्या ठामपणे सांगायची की मी लहानपणी त्यावर विश्वास ठेवला. आज मी तो पुरावा धरत नाही. बेंगळुरूपासून काही तासांवर तिपटूर आहे, सुक्या खोबऱ्याची मोठी बाजारपेठ. तिथलं खोबरं हुबळीलाही जात असणार आणि धारवाडच्या कुठल्याही कन्नड घरात ते भाजलं जात असणार. पणजी सोलापूरची असेल, विजापूरची असेल, बळ्ळारीची असेल. दुष्काळ सगळीकडे होता. पण आजीने जे केलं त्याची किंमत मला वाटते. जिच्या नावाची जागा कागदात कोरी होती, तिला शोधायला आजी तिच्या हाताच्या सवयीपाशी गेली. तिथे निदान काहीतरी होतं.

कागदांचंही सांगते. ऑस्ट्रेलियात असलेल्या आंटींच्या भाचीने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या चर्चनोंदी धुंडाळल्या. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नोंदी तिन्ही इलाख्यांतून वर्षानुवर्षं लंडनला पाठवल्या जात, त्या तिथे जपलेल्या आहेत. तिला पणजोबांचं लग्न सापडलं. नवऱ्याच्या पुढे हुद्दा आहे, बापाचं नाव आहे. नवरीच्या बापाच्या रकान्यात रेघ आहे.

कायदाही याच वाटेने गेला. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ मध्ये, म्हणजे हायलँडर उपाशीपोटी मेलुकोटेला पोहोचले त्याच वर्षी, ठरवलं की ज्याची आई हिंदुस्थानी आहे त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी नोकरीत घ्यायचं नाही. चार वर्षांनी सवलत दिली ती ढोल वाजवायची आणि नाल ठोकायची. या लोकांना पुढे जागा मिळाली ती तारखात्यात आणि रेल्वेत. १८८२ मध्ये डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने म्हैसूरच्या चामराज वडियारांकडून ३,९०० एकर जमीन मिळाली आणि शेतीवर जगणारी एक वसाहत वसवायचं स्वप्न बघितलं गेलं. तिचं नाव व्हाइटफील्ड. आज तिथे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बसगाड्यांच्या रांगा असतात. मग १९३५ च्या कायद्याने अँग्लो-इंडियन कोण याची व्याख्या केली: ज्याचा बाप, किंवा बापाच्या बाजूने चढत गेलेल्या वंशातला कुणी पुरुष, युरोपीय असेल तो. आपल्या राज्यघटनेतही ३६६ व्या कलमात बापाकडूनच मोजलं जातं.

आता हे आंटींना लावून बघा. डंडीचा फोरमन त्यांच्या आईच्या आईचा बाप. कायद्याच्या हिशेबात तो कुठेच बसत नाही. आंटी कायद्याने अँग्लो-इंडियन आहेत त्या वडिलांकडून, आणि वडिलांकडचं घराणं इंग्रज. म्हणजे ज्या माणसाचं नाव घरात सर्वांत अभिमानाने घेतलं जातं, त्याचा धागा बायकांनीच पुढे आणला: पणजीने आपल्या लेकीला, त्या लेकीने टीचरबाईंना, टीचरबाईंनी आंटींना. यांतल्या एकीनेही स्कॉटलंड बघितलं नाही. आणि पणजीला तो स्वयंपाक नवऱ्याने उभं राहून शिकवला, अशी जी गोड गोष्ट मामा सांगायचे, तीही मला खरी वाटत नाही. डंपलिंगच्या कापडाला किती पीठ लावायचं आणि गाठ किती सैल ठेवायची हे पाहूनच कळतं. टीचरबाईंची दुसरी गोष्ट मला पटते: वर्कशॉपमधल्या दुसऱ्या एका फोरमनची बायको स्कॉटिश होती, तिने या पोरक्या मुलीला आपल्या चुलीपाशी घेतलं.

सकाळच्या पेजेचंही तसंच झालं. स्कॉटलंडात ओट्सची पेज, मीठ घालून, लाकडी दांड्याने एकाच दिशेने ढवळत. इथे ओट्स म्हणजे घोड्याचा चारा. पणजीने नाचणी घेतली. पर्थशायरच्या फ्रान्सिस बुकॅननने १८०० साली म्हैसूरमधून प्रवास करताना पिकांची बारीक नोंद ठेवली, आणि या मुलखातलं मुख्य पीक नाचणी हे त्याला लगेच दिसलं होतं. बुकॅनन डॉक्टर होता, एडिंबराला शिकलेला. त्याच्या १८०७ मध्ये छापलेल्या तीन खंडांत शेतकरी काय पेरतो आणि काय खातो हे पानोपानी आहे. पण तो नाचणी बघून पुढे गेला. पणजीने ती मीठ घालून शिजवली आणि नवऱ्यापुढे ठेवली. टीचरबाईंच्या घरात त्या नाचणीच्या आंबिलीला ‘पॉरिज’ म्हणायचे आणि माझे आजोबा सकाळच्या पाळीला जाताना तीच पिऊन जायचे.

शॉर्टब्रेडबद्दल थोडक्यात: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, आणि मैद्यातला चमचाभर काढून त्या जागी तांदळाची पिठी, म्हणजे तोंडात विरघळायच्या आधी जरा करकरतं. हाताची ऊब लागू द्यायची नाही. काट्याने टोचायचं, मंद आचेवर भाजायचं, रंग येऊ द्यायचा नाही. पूर्वी पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे. नंतर ट्रे डोक्यावर घेऊन मोहल्ल्यातल्या बेकरीत रांग. शॉर्टब्रेड नोव्हेंबरअखेरीस, संत अँड्र्यूच्या दिवसाला व्हायचं. कब्बन रोडवरचं सेंट अँड्र्यूज हे स्कॉटिश चर्च १८६६ पासूनचं. टीचरबाई त्या दिवशी तिथे जायच्या आणि परत आल्यावर पहिला तुकडा आजीच्या हातावर ठेवायच्या.

डंपलिंग मात्र वाढदिवसाचं. मैदा, पावाचा चुरा, भाजलेलं खोबरं, गूळ, काळ्या आणि पिवळ्या मनुका, दालचिनी, सुंठ, जायफळ, चिमूटभर सोडा, भिजवायला दूध. स्कॉटलंडात गुळाच्या जागी काळी काकवी असते. गूळ त्या मानाने हळवा, म्हणून आंटी तो दुधात विरघळवून गाळून घेतात. कापड उकळत्या पाण्यात बुडवायचं, पिळायचं, पसरायचं आणि त्यावर मैदा असा भुरभुरायचा की कापडाचं सूत दिसेनासं होईल. त्या मैद्याचीच पुढे डंपलिंगला चकचकीत साल धरते. ती साल फाटली की आंटी गप्प बसतात, आणि ते आम्हाला रागावण्यापेक्षा जड जातं. गोळा मधोमध ठेवून चारही टोकं वर घ्यायची, दोरीने बांधायची, पण वर चार बोटं मोकळी जागा ठेवायची. फुगायला जागा नसेल तर आतून दगड होतो. पातेल्याच्या तळाशी उपडी बशी, त्यावर पुरचुंडी, पाणी अर्ध्यावर. उकळी मोडता कामा नये. वरून पाणी घालायचं ते उकळतंच.

या तीन तासांत घरातल्या गोष्टी सांगितल्या जातात. वेळ दुसऱ्या कशासाठी वापरताच येत नाही. पणजीचा दुष्काळ, मामांची पलटण, आजीचं खोबरं, हे सगळं मी पातेल्याच्या खदखदीवर ऐकलेलं आहे. आजीकडून ऐकलेलं आणि आंटींकडून ऐकलेलं जुळतं तिथे मी खूण करते, जुळत नाही तिथे दोन्ही लिहून ठेवते. डंपलिंगमध्ये पूर्वी पैसे घालायचे, कागदात गुंडाळून; टीचरबाई चांदीचे दोन आणे घालायच्या असं आंटी म्हणतात, आजी म्हणायची तांब्याचा पैसा. ज्या आत्याला तो सापडायचा ती सांगते, पैसा आठवत नाही, मनुका आठवतात.

१९४७ नंतर कॉक्स टाऊनातली अनेक घरं एकेक करून रिकामी झाली. कुणी इंग्लंडला, कुणी कॅनडाला, आणि फार जण ऑस्ट्रेलियाच्या पर्थला. ते पर्थ स्कॉटलंडच्या पर्थवरूनच नाव घेऊन १८२९ मध्ये वसलं. आंटींची भावंडं तिथे गेली, आंटी आईसाठी राहिल्या आणि मग राहूनच गेल्या. दोन हजार वीसच्या जानेवारीपासून संसदेतल्या त्यांच्या समाजाच्या नेमणुकीच्या जागाही उरल्या नाहीत. त्याबद्दल आंटी त्राग्याने बोलत नाहीत, पण एकदा म्हणाल्या की आपल्याला मोजायचं होतं तेव्हाही नीट मोजलं नाही, आणि सोडून द्यायचं होतं तेव्हाही विचारलं नाही.

भाचीच्या मुलीला परवा स्वतःच्या वाढदिवसाला डंपलिंग करायचं होतं. पर्थहून तिने फोन लावला, फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला, आणि आम्ही इकडे, ती तिकडे, एकाच वेळी कापड पिळलं. तिच्या कापडाला मैदा कमी पडला होता, तो आंटींना एवढ्याशा चित्रातून दिसला. “अजून घाल, चाइल्ड. कापड दिसतंय.” मग खोबऱ्याशी गाडी अडली. तिच्याकडे सुकं खोबरं नव्हतं, दुकानात मिळतो तो पाकिटातला नारळाचा पांढरा चुरा होता. तो चालेल का, की त्यापेक्षा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चरबीच आणू, ती तर इथे कुठल्याही दुकानात मिळते, असं तिने विचारलं. अस्सल स्कॉटिश वस्तू तिला कोपऱ्यावर मिळत होती. आंटींनी क्षणभरही विचार केला नाही. चुराच घे, म्हणाल्या, पण आधी तव्यावर भाज, बदामी होईपर्यंत, आणि तो भाजत असताना फोनवर बोलू नकोस, कारण पाकिटातला चुरा लवकर करपतो.